मंजुळाच्या आठ गोळ्या

धोंडीबा स्वयंपाकघराच्या फरशीवर रांगत होता. वय एकसष्ट, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. वीतभर पुढे सरकायचा, थांबायचा, मान वाकडी करून मांडणीखाली डोकवायचा आणि कण्हत पुन्हा सरकायचा. शेजारच्या खोलीतली आवडाबाई कोळीण दारात उभी राहून हे बघत होती. मासळी विकून नुकतीच परतली होती, रिकामी पाटी अजून कमरेवरच होती.

"दादा, आता रांगून काय शोधतंस रं?"

"दहा महिन्यांच्या पोराला इथून काय काय दिसतं ते बघतोय."

"मग काय दिसलं?"

"सगळंच दिसतं," धोंडीबा म्हणाला. "तुमची पाटीसुद्धा खालून दिसते. बुडाला फुटलीय."

आवडाबाईने पाटी उलटी करून बघितली. खरंच फुटली होती.

या रांगण्याचं मूळ एका पत्रात होतं. धोंडीबाची एकुलती एक लेक रतन ठाण्यात खोपटला दिली होती. जावई आनंद एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. रतनला जूनपासून शहाडच्या एका शाळेत वर्षभराचं शिकवायचं काम मिळालं होतं, आणि शहाड म्हणजे धोंडीबाच्या मोहन्याहून हाकेच्या अंतरावर. तिने लिहिलं होतं, 'आबा, सोमवार ते शनिवार मी आणि दत्तू तुमच्याकडेच राहू म्हणते. शाळा सकाळची आहे. दुपारी एकपर्यंत तुम्हाला त्याला सांभाळायला जमेल का? तो आता रांगतो. दिसेल ते तोंडात घालतो. रविवारी येते, मग बोलू.'

जमेल का म्हणे. धोंडीबाने ते पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्याने. त्याच्या बायकोला, मंजुळाला, वाचता येत नसे, म्हणून घरी आलेलं प्रत्येक पत्र मोठ्याने वाचायची त्याला तीस वर्षांची सवय. ऐकायला आता कोणी नव्हतं. फाल्गुनात मंजुळा गेली, त्याला तीन महिने होऊन गेले होते.

रेयॉनच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. मंजुळा होती तोवर दिवस कसा जातो हे त्याला कळलंच नाही, कारण तो दिवस तीच चालवत होती. ती गेल्यावर दिवसाला काही आकारच राहिला नाही. ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायचा. ताट कशाला घ्यायचं, एकट्यासाठी घासायला? तिसऱ्या प्रहरी पाळी सुटायच्या वेळेला नाक्यावर जाऊन उभा राहायचा. ओळखीची माणसं सायकलवरून जाता जाता "काय धोंडीबा?" म्हणायची. त्याने "बरंय" म्हणेपर्यंत सायकल पुढे गेलेली असायची. तेवढं बोलणं करून तो घरी यायचा. त्याला एकटं वाटत होतं, पण हे सांगायची सोय नव्हती. पुरुषमाणसाने असं काही सांगावं अशी या चाळीत पद्धत नव्हती.

पत्र आलं आणि घराला हात लागला. दोन खोल्या, वर कौलं, कोपऱ्यात मोरी. धोंडीबाने धान्याचा डबा झाडायला म्हणून ओढला आणि भिंतीच्या कडेला वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काहीतरी दिसलं. बोराएवढी, काळपट, वाळून दगड झालेली गोळी. तिच्यात सुकटीचे तुकडे. तपकिरीपायी त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं, त्यामुळे वास काही आला नाही. पण ते उंदराचं औषध आहे एवढं कळायला नाक लागत नव्हतं.

त्याच पावली तो गोळी कागदात धरून आवडाबाईच्या पायरीशी गेला.

"ही तिचीच," आवडाबाई म्हणाली. "हितंच बसून मळल्या तिनं. कणीक तिची, सुकट माझी. आठ केल्या. मना म्हनली, आठ ठेवते, आठ दिसांनी उचलते."

"कुठं कुठं ठेवल्या?"

"त्ये मना कसं ठावं? तुला नाय सांगलं?"

नाही सांगितलं. का नाही सांगितलं ते धोंडीबाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात दोष कोणाचा तेही.

मंजुळाच्या घरात उंदराचं नाव घ्यायचं नसे. साताऱ्याकडच्या तिच्या माहेरी तशी रीतच होती. औषध, पिंजरा, बीळ, यातलं काही घरात उच्चारलं की उंदीर ऐकतो आणि सावध होतो. म्हणून लेंड्या दिसल्या की ती नुसतं "मामा आलेत" म्हणायची. पिंजरा लावायचा असला तर दोन बोटांची चिमूट मिटून दाखवायची. आणि औषधाबद्दल बोलायचं तर घराबाहेर, नळावर नाहीतर आवडाबाईच्या पायरीवर. धोंडीबाला याचं हसू यायचं. "उंदीर काय मराठी शाळेत गेलाय?" असं तो विचारायचा. एकदा तर त्याने मुद्दाम खोलीच्या मध्यभागी उभं राहून आरोळी ठोकली होती, "ऐका हो ऐका, आज पिंजऱ्यात भजी लावलीय." पुढे चार दिवस पिंजरा रिकामा, आणि चार दिवस मंजुळाचा अबोला. पाचव्या दिवसापासून ती बोलायला लागली, पण उंदरांचं खातं तिने त्याच्यापुरतं बंद केलं ते कायमचं. कुठे काय ठेवलंय हे तिने त्याला पुन्हा कधी सांगितलं नाही. तो म्हणायचा, बरं झालं, डोक्याला ताप नाही.

गोळ्या ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. कल्याणला दवाखान्यात ती अकरा दिवस होती. तिथे बोलायला काही हरकत नव्हती, ते काही घर नव्हतं. पण तापात ती बोलली ते सगळं माहेरच्या विहिरीबद्दल आणि कुठल्याशा लंगड्या म्हशीबद्दल. बाराव्या दिवशी धोंडीबा एकटाच घरी आला.

आता आठांतली एक हातात होती. सात घरात होत्या. आणि रविवारी दत्तू येणार होता.

धोंडीबाने घर बाहेर काढलं. ट्रंका, गाद्या, हंडे, मांडणी, सगळं ओट्यावर आणि पुढच्या अंगणात. चाळीतले हरिहर मास्तर जाता जाता म्हणाले, "काय धोंडीबा, लिलाव काय?" धोंडीबा हसला नाही. मोरीच्या दगडामागे दुसरी निघाली. मोठ्या ट्रंकेच्या मागे तिसरी. मग दीड दिवस काहीच नाही.

"तू मधीमधी शोधतंस," आवडाबाई म्हणाली. "उंदीर मधून चालतो का? तो भितीला मिशा लावून चालतो. तिनं मना दावलेलं. भितीला काळा पट्टा बघ, त्येच्या अंगाच्या तेलाचा."

धोंडीबाने बघितलं. तीस वर्षं ज्या भिंतींमध्ये तो राहिला त्यांच्या तळाशी दोन बोटं उंचीवर मळकट चकचकीत पट्टा होता, आणि तो त्याने कधी पाहिला नव्हता. पट्टा चुलीच्या ओट्याखाली जात होता. तिथे चौथी. पुढे तो देव्हाऱ्याच्या फळीमागे चढत होता. तिथे पाचवी. देवाच्या पाठीमागे औषध ठेवताना मंजुळाने नमस्कार नक्की केला असणार, असं त्याला वाटून गेलं.

त्या संध्याकाळी आवडाबाईच्या सांगण्यावरून त्याने भिंतीच्या कडेने पिठाची पातळ रेघ मारली. मंजुळा हे दर पंधरवड्याला करायची म्हणे. तो झोपलेला असताना पीठ टाकायची आणि तो उठायच्या आत बघून पुसून टाकायची. सकाळी त्याने कंदील जवळ धरला. पिठात बारीक पावलं उमटली होती, चार बोटांची पुढची, पाच बोटांची मागची, मध्ये शेपटीची रेघ. पावलं कोपऱ्यातून वर, तुळईकडे गेलेली. शिडी लावून तो वर चढला. कौलांखालच्या आढ्याच्या खाचेत सहावी होती. शेजारीच एक जुनं बीळ काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवलेलं होतं, आणि सिमेंटवर मंजुळाची चार बोटं उमटलेली. एवढ्या उंचावर ती चढली कधी? त्याने आपली बोटं त्या ठशांवर ठेवून बघितली. मोठी पडली. तो तिथे शिडीवर बराच वेळ बसून राहिला, खाली उतरायचं कारण सुचेना म्हणून.

सातवी सापडली ती मात्र नको तिथे. मंजुळाने दत्तूच्या बारशाला लहानशी गोधडी शिवली होती, आणि दुसरी मोठी शिवायला घेतली होती, पोरगं रांगायला लागल्यावर अंथरायला म्हणून. ती तीन बाजूंनी पुरी होऊन राहिली होती. धोंडीबाने ती उन्हात घालायला उलगडली तर आतल्या घडीत कुरतडलेली गोळी. मंजुळाने ती तिथे ठेवली असणं शक्यच नव्हतं. उंदराने ओढून आणली होती.

मग त्याच्या लक्षात आलं की मंजुळाने कुठे ठेवलं असेल हे ओळखून भागणार नाही. आठवी तिने ठेवली तिथे असेलच असं नाही. ती उंदराने खाल्ली असेल. किंवा नेऊन टाकली असेल कुठेही, कौलांत, कपाटामागच्या भेगेत, आढ्यावर; आणि एखाद्या सकाळी, रतन शाळेत गेलेली असताना, धोंडीबा दूध तापवत असताना, ती टप्पकन फरशीवर पडेल. दत्तू दिसेल ते तोंडात घालतो. म्हणून मग तो रांगायला लागला होता. शुक्रवारी रांगला, शनिवारी रांगला. शिडीवर चढून कौलं उचलून बघितली. आठवी काही मिळाली नाही.

शनिवारी संध्याकाळी तो आवडाबाईच्या पायरीवर बसला. तिने चहा दिला.

"खाल्ली असंल रं उंदरानं," ती म्हणाली. "तीन म्हैनं झालं."

"असेल."

"मग काय सांगू नको पोरीला. उगा भिऊन जायची. पोर येल, घर भरंल. मना पन बरं वाटंल, दुपारची बोलायला रतन." आवडाबाईची दोन्ही मुलं वसईकडे बोटीवर होती. तिचंही घर काही गजबजलेलं नव्हतं.

"नाही सांगत," धोंडीबा म्हणाला. आणि त्याने तसं ठरवलंही. फरशी फिनेलने तीनदा पुसली. दत्तूसाठी डब्यात नाचणीचं सत्त्व आणून ठेवलं. इतकं मनासारखं घर त्याने कधी लावलं नव्हतं. त्याला लागलीच झोप लागली.

रतन रविवारी दहाला आली. दारातच थबकली.

"आबा, केवढं चकचकीत केलंय. आई असती तर म्हणाली असती, कोण मंत्री यायचाय का?"

"मंत्रीच आहे," धोंडीबा म्हणाला आणि दत्तूच्या गालाला हात लावला.

दत्तूला मांडीवर, खांद्यावर कुठेच राहायचं नव्हतं. त्याने मोकळी फरशी बघितली होती. तो रतनच्या हातातून खाली खाली घसरत होता, पाय झाडत होता.

"थांब रे बाबा, सोडते. इथं तुझंच राज्य आता," रतन म्हणाली आणि वाकली.

पोराचे पाय फरशीपासून वीतभर राहिले असतील. धोंडीबाने पुढे होऊन त्याला उचललं. इतक्या झटक्यात की दत्तूने रडायच्या आधी आश्चर्याने त्याच्याकडे बघितलं.

"आबा, काय झालं?"

"घरात उंदराचं औषध आहे. आईनं ठेवलेलं. आठ गोळ्या होत्या, मला सातच सापडल्या."

तो हे मशीनच्या आवाजावर बोलायच्या सवयीने बोलला, चांगलं खणखणीत. आणि रतनचं बोट आपसूक तिच्या ओठांवर गेलं. "श्श, आबा, घरात नाही बोलायच—"

दोघंही तिथेच थांबले. रतनने बोट खाली घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. धोंडीबाने तोंड फिरवलं आणि नातवाला उगीचच देव्हाऱ्यातला बाप्पा दाखवायला लागला. गेल्या तीन महिन्यांत मंजुळा त्या घरात इतकी कधीच नव्हती.

मग ते कॉटवर बसले. दत्तू रतनच्या मांडीवर. धोंडीबाने सगळं सांगितलं, गोधडीतल्या गोळीसकट.

"खाल्ली असेल हो ती उंदरानं," रतन म्हणाली.

"असेल."

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"तुला नसतं कळलं. मला तर ठाऊक होतं ना," धोंडीबा म्हणाला. "रोज सकाळी तू शाळेत गेलीस की मी त्याच्या हातात काय आहे तेवढंच बघत बसलो असतो. आणि एखाद्या दिवशी नजर चुकली असती."

रतन पोराच्या जावळातून बोटं फिरवत राहिली. पोटच्या पोराच्या बाबतीत 'असेल' या शब्दावर कोणती आई विसंबेल? ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि बापाला दुखवायचं कसं हेही दिसत होतं. म्हणून धोंडीबानेच तिची सुटका केली.

"मोठ्या जाऊबाई सांभाळतील ना गं त्याला?"

"सांभाळतील. त्या म्हणतच होत्या. मी आपली म्हटलं..." ती थांबली. "मी खोपटहून जाऊन-येऊन करीन. तुम्हीच या ना आबा तिकडे राहायला."

"एका खोलीत सहा माणसं तुम्ही. सातवा मी कुठे निजू, डेपोत?"

"दिवाळीपर्यंत बघू मग."

"बघू," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की दिवाळीपर्यंत शाळेचं, जावेचं, पोराचं सगळं बसून गेलेलं असेल, आणि बसलेली घडी कोणी मोडत नाही.

दुपारी आवडाबाई तळलेली मांदेली घेऊन आली. दत्तू मांडीवर बघितला आणि रिकामी फरशी बघितली. कढईतले मासे ताटात काढताना तिने धोंडीबाला हळूच विचारलं, "सांगलंस ना?"

"सांगितलं."

तिने आणखी दोन मांदेली त्याच्या ताटात वाढली आणि डोळ्याला पदर लावला. "तेल उडालं," असं कोणी न विचारताच म्हणाली.

दत्तूने मऊ भात मांडीवर खाल्ला. मांडीवरच झोपला. तिसऱ्या प्रहरी रतनने पिशवी आवरली. धोंडीबाने नाचणीचं सत्त्व तिच्यात घातलं, आणि दत्तूला खांद्यावर घेऊन तो नाक्यापर्यंत चालत गेला. रतनने दोनदा म्हटलं, "द्या, हात भरून येतील तुमचे." त्याने न ऐकल्यासारखं केलं.

पाळी सुटली होती. सायकली येत होत्या. एकजण चक्क उतरला आणि म्हणाला, "काय धोंडीबा, नातू वाटतं? राहायला आला?"

"नाही, भेटायला."

"गोड आहे," तो माणूस म्हणाला आणि सायकलवर बसला.

कल्याणची एस.टी. आली. दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. धोंडीबा म्हणाला, "हिच्यात नको. पोर चेंगरेल. पुढचीनं जा." ते थांबले. ऊन कलत गेलं. दत्तू खांद्यावर कधी जागा होत होता, कधी मान टाकत होता. रतन रस्त्याकडे बघत होती. धोंडीबाला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलण्यासारखं होतं ते सगळं घरात बोलून झालं होतं.

अर्ध्या तासाने दुसरी गाडी आली. आत जेमतेम सात-आठ माणसं. खिडक्या रिकाम्या. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "चला, कल्याण, कल्याण."

धोंडीबाने दत्तूला खांद्यावरून उतरवलं आणि लेकीकडे धरलं. रतनने हात पुढे केले नाहीत. तिने गाडीकडे बघितलं, मग बापाकडे.

"हीसुद्धा भरलीय, आबा," ती म्हणाली. "पुढचीनं जाते."

कंडक्टरने मागे वळून आपली रिकामी गाडी बघितली. मग या तिघांकडे बघितलं, आणि घंटीची दोरी ओढली.